जुन्या फोनवर लिनेज ओएस: पहिल्यांदाच कस्टम रॉम टाकणाऱ्यांसाठी

वनप्लस 6 भारतात आला मे 2018 मध्ये. स्नॅपड्रॅगन 845 प्रोसेसर, सहा किंवा आठ जीबी रॅम, सव्वासहा इंचांची ओएलईडी स्क्रीन, किंमत 34,999 रुपयांपासून पुढे. 2021 मध्ये कंपनीने त्याला अँड्रॉइड 11 दिलं आणि नव्या आवृत्त्या तिथेच थांबल्या. प्रोसेसर आजही दमदार आहे, स्क्रीन छान आहे, बॅटरी बदलली की फोन दिवसभर साथ देतो. तरीही असे कितीतरी फोन घरोघरी टीव्हीखालच्या खणात पडून आहेत, केवळ सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. अशा फोनवर लिनेज ओएस ही मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते. ते कसं करायचं, हे वनप्लस 6 चं उदाहरण घेऊन पायरीपायरीने सांगतो. तुमचा फोन दुसरा असेल तर बटणं आणि फाइलींची नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्यक्ष रॉम टाकायला तासभरसुद्धा लागत नाही. वेळ जायला हवा तो तयारीत. ज्यांचे फोन अडकतात, त्यातले बहुतेक जण तयारी अर्धवट ठेवून घाईने कमांड मारायला बसलेले असतात.

थोडी ओळख

अँड्रॉइडचा मूळ कोड गुगल खुला ठेवतं. फोन कंपन्या तो घेऊन त्यावर आपला साज चढवतात, आपली अॅप्स घालतात, काही जण जाहिरातीही घालतात. त्याच मूळ कोडवरून स्वयंसेवकांनी एखाद्या विशिष्ट फोनसाठी तयार केलेली सिस्टीम म्हणजे कस्टम रॉम. यातली सर्वांत गाजलेली सायनोजेनमॉड. स्टीव्ह कोंडिक यांनी 2009 मध्ये एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी ती सुरू केली. भारतातल्या वाचकांना ती वेगळ्या कारणाने आठवत असेल. डिसेंबर 2014 मध्ये मायक्रोमॅक्सच्या 'यू' ब्रँडकडे सायनोजेनचे भारतातले हक्क होते आणि वनप्लस वन हा फोनही सायनोजेनवरच चालायचा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि वनप्लस वनच्या विक्रीवर काही काळ बंदी आली. 2016 च्या शेवटी सायनोजेन कंपनीने हा कारभार गुंडाळला. स्वयंसेवकांनी तोच कोड घेऊन लिनेज ओएस या नावाने काम पुढे चालू ठेवलं, ते आजही सुरू आहे.

लिनेजचा आवृत्ती क्रमांक पाहून अँड्रॉइड कोणतं हे काढायची सोपी रीत आहे: त्यातून सात वजा करा. लिनेज 20 म्हणजे अँड्रॉइड 13, 21 म्हणजे 14, 22 म्हणजे 15. गुगल अॅप्सचं पॅकेज निवडताना याचा उपयोग होईल.

आधी फोन पात्र आहे का ते पाहा

सगळ्या फोनवर हे जमत नाही. फोन सुरू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो त्याला बूटलोडर म्हणतात. त्याला कंपनीने कुलूप लावलेलं असतं आणि ते असेपर्यंत कंपनीची सही नसलेली सिस्टीम तो सुरू होऊ देत नाही. कुलूप काढू द्यायचं की नाही, हे कंपनीच्या हातात.

गुगल पिक्सेल आणि जुने वनप्लस यात सगळ्यात सरळ: एक सेटिंग, एक कमांड, झालं. पिक्सेल मात्र अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला असेल तर तो व्हेरायझन या तिथल्या मोबाइल कंपनीचा नाही ना, हे विचारून घ्या. तो उघडत नाही. मोटोरोला आपल्या साइटवरून कोड देतं आणि त्याबरोबर वॉरंटीवर पाणी सोडायला लावतं. शाओमी, रेडमी आणि पोकोसाठी कंपनीचं स्वतःचं अनलॉक टूल आहे. ते विंडोजवरच चालतं, आधी एमआय खातं फोनशी जोडावं लागतं, आणि बऱ्याच मॉडेलना 168 तास, म्हणजे पूर्ण आठवडा थांबावं लागतं. हायपर ओएस ही शाओमीची नवी सिस्टीम आल्यापासून त्यांच्या अटी आणखी आवळल्या आहेत. सॅमसंगमध्ये कुलूप काढून दुसरी सिस्टीम टाकली की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. पुन्हा कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत. हुवावेने 2018 मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं. विवोवाल्यांनी आशा ठेवू नये.

कुलूप निघतं हे कळलं की दुसरा प्रश्न: तुमच्या फोनसाठी अधिकृत लिनेज आहे का? लिनेजच्या विकीवर फोनची यादी आहे. प्रत्येक फोनला एक सांकेतिक नाव असतं. वनप्लस 6 चं 'एन्चिलाडा', 6टी चं 'फहीता'. दोन्ही फोन दिसायला आणि आतून बरेच सारखे, पण फाइली वेगळ्या. शोधताना नेहमी सांकेतिक नावाने शोधा. रेडमीसारख्या ब्रँडमध्ये तर एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रोसेसरचे फोन विकले गेलेत, तिथे बॉक्सवरचं नाव काहीच सिद्ध करत नाही. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात मॉडेल क्रमांक असतो, तो विकीच्या पानाशी ताडून पाहा.

यादीत फोन नसेल तर टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी बनवलेली अनधिकृत बिल्ड हमखास सापडते. पहिल्या वेळी तिच्या वाटेला जाऊ नका. काही चांगल्या असतात, पण बनवणारा कोण, आत काय घातलंय आणि पुढच्या महिन्यात अपडेट येणार का, यातलं काहीच नवख्याला तपासता येत नाही.

आणि शक्यतो दुसऱ्या फोनवर प्रयोग करा. ज्या फोनवर तुमचं यूपीआय, बँक आणि ऑफिसचं काम चालतं तो फोन यासाठी नाही.

तयारी

बूटलोडरचं कुलूप काढताना फोन पूर्ण पुसला जातो. फोटो, मेसेज, सगळं. हा सुरक्षेचा भाग आहे, टाळता येत नाही. म्हणून बॅकअप.

फोटो आणि व्हिडिओ यूएसबीने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि उतरल्यावर त्यातले दोन-चार उघडून पाहा. कॉन्टॅक्ट गुगल खात्याशी सिंक आहेत की फक्त फोनमध्ये साठवलेत ते तपासा. फोनमध्ये असतील तर एक्सपोर्ट करून फाइल मेलवर पाठवा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून घ्या आणि तो पूर्ण झाल्याची वेळ दिसेपर्यंत थांबा. लोक सर्वांत जास्त विसरतात ती गोष्ट म्हणजे ऑथेंटिकेटर अॅपमधले कोड. ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा, नाहीतर मेल आणि इतर खात्यांच्या दाराबाहेर उभं राहायची वेळ येईल. सगळं झालं की फोनवरचं गुगल खातं काढून टाका आणि त्याचा पासवर्ड आठवतोय याची दुसऱ्या ठिकाणी लॉगिन करून खात्री करा.

फोन डायल करायच्या पॅडवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. जे आयएमईआय क्रमांक दिसतील ते कागदावर लिहून ठेवा. रॉम टाकल्याने ते बदलत नाहीत, बदलूही नयेत. नंतर ताडून पाहायला उपयोगी पडतील. इंटरनेटवर 'आयएमईआय दुरुस्त' करून देणारी टूल्स फिरत असतात, त्यांना हात लावू नका. हा क्रमांक बदलणं आपल्याकडे गुन्हा आहे.

आता फोनची सध्याची सिस्टीम. वनप्लस 6 वर आधी कंपनीचं शेवटचं, म्हणजे अँड्रॉइड 11 वरचं ऑक्सिजन ओएस असायला हवं. लिनेज मॉडेमसारख्या हार्डवेअरच्या जवळच्या भागांसाठी कंपनीचंच फर्मवेअर, म्हणजे ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर, वापरतं, आणि ते जुनं राहिलं तर नेटवर्क, आवाज किंवा फिंगरप्रिंट रुसतात. फोन अजून अँड्रॉइड 9 किंवा 10 वर असेल तर आधी नेहमीच्या पद्धतीने अपडेट करून घ्या.

कॉम्प्युटर विंडोज, लिनक्स, मॅक काहीही चालेल. गुगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' ही झिप फाइल घ्या आणि सहज सापडेल अशा जागी उघडून ठेवा. त्यात एडीबी आणि फास्टबूट हे दोन प्रोग्रॅम असतात. सगळं काम त्यांच्यावरच चालतं. विंडोजमध्ये तो फोल्डर उघडा, वर पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा, म्हणजे त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडेल. निळी पॉवरशेल खिडकी उघडली असेल तर ती बंद करून हीच उघडा. पॉवरशेलमध्ये कमांडच्या आधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते आणि नवखे तिथेच अडतात.

केबलकडे दुर्लक्ष करू नका. स्वस्तातल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. फोन जोडल्यावर कॉम्प्युटरवर फोनचे फोल्डर दिसले तर केबल ठीक. फास्टबूटमध्ये काही फोन नव्या यूएसबी 3 पोर्टवर विचित्र वागतात: कमांड अडकते किंवा फोनची स्क्रीन काळी होऊन कोपऱ्यात बारीक अक्षरं येतात. तसं झालं तर जुना यूएसबी 2 पोर्ट वापरा, किंवा मध्ये साधा यूएसबी हब लावा.

फाइली चार लागतील, सगळ्या त्याच प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये ठेवा:

लिनेजच्या डाउनलोड पानावरची मुख्य झिप, तुमच्या सांकेतिक नावाची.
त्याच पानावरची रिकव्हरीची इमेज. रिकव्हरी म्हणजे फोन पुसायला आणि नवी सिस्टीम टाकायला वापरायचा छोटा वेगळा प्रोग्रॅम. वनप्लस 6 मध्ये रिकव्हरीसाठी स्टोरेजचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, नाही, ती बूट पार्टिशनमध्येच राहते.
कॉपी-पार्टिशन्स नावाची छोटी झिप. हिचा दुवा विकीच्या पानावर आहे, काम पुढे सांगतो.
गुगल प्ले हवं असेल तर माइंड द गॅप्स हे पॅकेज. नावात एआरएम64 असलं पाहिजे आणि अँड्रॉइडचा आकडा जुळला पाहिजे. लिनेज 22 असेल तर 15 चं पॅकेज.

डाउनलोड पानावर प्रत्येक फाइलपुढे एसएचए256 नावाची लांबलचक अक्षरमाळ असते. विंडोजमधल्या सर्टयूटिल या कमांडने तुमच्या फाइलची माळ काढता येते. दोन्हींची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली की डाउनलोड धड झालं असं समजायला हरकत नाही. अर्धवट उतरलेली झिप हे फसलेल्या इन्स्टॉलचं फार नेहमीचं कारण आहे, आणि ही तपासणी मिनिटभराची आहे.

कुलूप काढणं

पुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये एकेक जागा सोडून टाका.

फोन साठ-सत्तर टक्के तरी चार्ज असू द्या. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडा आणि बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स सुरू झाल्याचा संदेश येईल. त्यात जाऊन 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डीबगिंग' दोन्ही चालू करा. फोन केबलने जोडा आणि कमांड द्या:

एडीबी डिव्हायसेस

फोनवर परवानगीची चौकट येईल, तिला होकार द्या. ती देईपर्यंत कॉम्प्युटरवर फोनच्या सीरियल क्रमांकापुढे 'अनऑथराइज्ड' असंच दिसत राहील. होकार दिल्यावर तीच कमांड पुन्हा द्या, आता 'डिव्हाइस' दिसलं पाहिजे. मग:

एडीबी रीबूट बूटलोडर

फोन बंद होऊन फास्टबूटच्या पडद्यावर सुरू होईल. बटणांनीही इथे येता येतं: वनप्लस 6 बंद करून व्हॉल्यूम अप आणि पॉवर एकत्र दाबून धरा. आता:

फास्टबूट डिव्हायसेस

फोनचा सीरियल क्रमांक दिसायला हवा. रिकामी ओळ आली तर विंडोजला ड्रायव्हर मिळालेला नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळं चिन्ह लागलेलं 'अँड्रॉइड' दिसेल. त्याला गुगलचा यूएसबी ड्रायव्हर द्या आणि पुन्हा पाहा. क्रमांक दिसल्याशिवाय पुढची कमांड देऊ नका.

फास्टबूट ओईएम अनलॉक

फोनवर इशारा येईल. व्हॉल्यूमच्या बटणाने अनलॉकचा पर्याय निवडा, पॉवरने पक्का करा. फोन पुसला जाईल आणि कंपनीच्याच सिस्टीममध्ये कोरा करकरीत सुरू होईल. यापुढे प्रत्येक वेळी चालू होताना 'बूटलोडर अनलॉक आहे' असा इशारा काही सेकंद दिसेल. तो आता कायमचा सोबती, त्याने काही बिघडत नाही. खातं वगैरे काही न घालता सेटअप उरका आणि यूएसबी डीबगिंग पुन्हा चालू करा, कारण तेही पुसलं गेलेलं असतं.

रिकव्हरी आणि रॉम

पुन्हा बूटलोडरमध्ये या आणि रिकव्हरी टाका:

फास्टबूट फ्लॅश बूट, आणि पुढे रिकव्हरीच्या फाइलचं पूर्ण नाव

फाइलचं नाव हाताने टाइप करण्यापेक्षा पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, बाकीचं आपोआप येतं. 'ओके' आणि 'फिनिश्ड' दिसलं की फोनवरच व्हॉल्यूमच्या बटणांनी 'रिकव्हरी मोड' निवडून पॉवर दाबा. मधेच फोन नेहमीसारखा सुरू करू नका. लिनेजचं चिन्ह असलेला साधा मेनू आला म्हणजे आपण बरोबर जागी आहोत.

आता त्या छोट्या झिपचं काम. वनप्लस 6 मध्ये सिस्टीमसाठी दोन कप्पे असतात, ए आणि बी. फोन एका कप्प्यातून चालतो, अपडेट दुसऱ्यात लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी फोन तिथून सुरू होतो. अडचण अशी की दुसऱ्या कप्प्यातलं फर्मवेअर जुनं, कधी कधी फोन विकत घेतला तेव्हाचं असू शकतं. लिनेज त्या कप्प्यात जाऊन बसलं आणि खाली फर्मवेअर भलतंच निघालं, तर फोन सुरूच न होण्याची पाळी येते. कॉपी-पार्टिशन्स ही झिप चालू कप्प्यातलं फर्मवेअर दुसऱ्यात नक्कल करून ठेवते. काही जण ही पायरी जास्तीची समजून गाळतात. गाळू नका.

रिकव्हरीत 'अप्लाय अपडेट', मग 'अप्लाय फ्रॉम एडीबी' निवडा आणि कॉम्प्युटरवर:

एडीबी साइडलोड, आणि त्या झिपचं नाव

सही जुळत नाही, तरी पुढे जायचं का असं विचारलं तर हो म्हणा. झालं की 'अॅडव्हान्स्ड'मधून रिकव्हरी एकदा रीबूट करा.

मग 'फॅक्टरी रीसेट', त्यात 'फॉर्मॅट डेटा'. जुन्या सिस्टीमने एन्क्रिप्ट केलेला डेटा नव्या सिस्टीमला वाचता येत नाही, म्हणून तो नुसता पुसून पुरत नाही, फॉर्मॅटच करावा लागतो. ही पायरी राहिली तर नंतर फोन सुरू होताना लिनेजचं चिन्हच फिरत राहतं.

आता मुख्य झिप. पुन्हा 'अप्लाय अपडेट', 'अप्लाय फ्रॉम एडीबी', आणि एडीबी साइडलोडपुढे लिनेजच्या झिपचं नाव. कॉम्प्युटरवर टक्के वाढताना दिसतील. सत्तेचाळीस टक्क्यांवर आकडा थांबेल. याच क्षणी घाबरून केबल काढणारे खूप आहेत. काढू नका. फोन मिळालेली फाइल दुसऱ्या कप्प्यात लिहीत असतो. फोनच्या पडद्याकडे पाहा, तिथे काम चालू असल्याचं दिसतं. काही मिनिटांनी कॉम्प्युटरवर 'फेल्ड टू रीड कमांड' आणि त्याच ओळीच्या शेवटी 'सक्सेस' किंवा 'नो एरर' असं उलटसुलट वाक्य येऊ शकतं. ते चुकीचं लक्षण नाही, लिनेजच्या विकीवरही तसं स्पष्ट लिहिलंय.

यानंतर रिकव्हरी विचारते: आणखी पॅकेज टाकायची असतील तर आधी रिकव्हरी रीबूट करावी लागेल, करू का? गुगल अॅप्स हवी असतील तर इथे 'हो' म्हणायचं. कारण वर सांगितलेल्या कप्प्यांत आहे: आत्ता चालू असलेली रिकव्हरी जुन्या कप्प्यातली आहे, आणि गुगल अॅप्स नव्या कप्प्यातल्या लिनेजमध्ये जायला हवीत. रीबूट झाल्यावर त्याच पद्धतीने माइंड द गॅप्सची झिप साइडलोड करा. इथे सही जुळत नसल्याचा इशारा येणारच, कारण हे पॅकेज लिनेजच्या सहीचं नाही. हो म्हणून पुढे जा.

गुगल अॅप्स फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच टाकायची असतात. एकदा लिनेज सुरू झालं आणि मग आठवलं, तर पुन्हा फॉर्मॅट करून सगळं पहिल्यापासून. गुगलशिवाय राहायचं असेल तर ही पायरी सोडा आणि एफ-ड्रॉइड या अॅप स्टोअरवरची खुली अॅप्स वापरा. आईवडिलांसाठी फोन तयार करत असाल तर मात्र गुगल अॅप्स टाकाच. त्यांना प्ले स्टोअर आणि मॅप लागतंच.

शेवटी 'रीबूट सिस्टीम नाउ'.

पहिली सुरुवात

पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, पंधरा मिनिटांपर्यंत लागला तरी चालेल. त्यापुढेही चिन्ह फिरतच राहिलं तर पॉवर बटण दाबून फोन बंद करा, व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरून रिकव्हरीत जा आणि 'फॉर्मॅट डेटा' पुन्हा करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. नाहीच झालं तर रॉमची झिप पुन्हा साइडलोड करा. रिकव्हरी किंवा फास्टबूट उघडतंय तोवर फोन गेलेला नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. अशा वेळी घाईघाईने इंटरनेटवर सापडलेल्या 'इरेज'वाल्या कमांड मारल्या जातात आणि खरं नुकसान तिथे होतं. त्यापेक्षा पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्या आणि त्यावरून शोधा. वनप्लसचे हे फोन अगदीच निपचित पडले तरी प्रोसेसर बनवणाऱ्या क्वालकॉमच्या ईडीएल या आणीबाणीच्या मोडमधून परत कंपनीच्या सिस्टीमवर आणता येतात, पण तिथवर जायची वेळ क्वचित येते.

सुरू झालं की भाषा मराठी निवडता येते आणि मेनू बऱ्यापैकी मराठीत दिसतात. मग मन लावून तपासणी करा. आयएमईआय कागदाशी ताडा. दोन्ही सिमवरून फोन लावा आणि घ्या. जिओचं सिम असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण जिओचं जुनं 2जी-3जी नेटवर्कच नाही. व्हीओएलटीई, म्हणजे 4जीवरून होणारे कॉल, चालू नसेल तर नेट चालेल पण कॉल लागणार नाही. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 4जी कॉलिंगचा पर्याय चालू आहे का पाहा. नंतर ब्लूटूथवर बोलून पाहा, जीपीएस, फिंगरप्रिंट, दोन्ही कॅमेरे, आणि कॉलवर असताना फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का, तेही. कॅमेऱ्याच्या बाबतीत अपेक्षा थोडी खाली ठेवा. फोटोंवर प्रक्रिया करणारी कंपनीची स्वतःची सॉफ्टवेअर इथे नसतात, रात्रीच्या फोटोंत फरक जाणवतो.

प्ले स्टोअरने 'हे उपकरण प्रमाणित नाही' अशी तक्रार केली, तर गुगलच्या नोंदणी पानावर फोनचा गुगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क आयडी (मोबाइल नंबर नव्हे) घालून तो आपल्या खात्याशी नोंदवता येतो.

बँक, यूपीआय आणि सुरक्षा

हा भाग स्पष्ट बोलायला हवा. गुगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी अॅपला सांगते की फोन मूळ स्थितीत आहे की नाही. बूटलोडर उघडा असला की तिची वरची पातळी मिळत नाही. काही बँक अॅप त्याकडे पाहतही नाहीत आणि बिनदिक्कत चालतात, काही सुरू होतानाच बंद पडतात. आज चालणारं अॅप पुढच्या अपडेटनंतर चालेलच असंही नाही. काही बँक अॅप तर नुसतं डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी अडतात, म्हणून काम संपल्यावर यूएसबी डीबगिंग आणि डेव्हलपर ऑप्शन्स दोन्ही बंद करा. सुरक्षेसाठीही ते बंदच बरे. हे अडथळे चुकवायच्या युक्त्या बऱ्याच सापडतात, त्यासाठी फोन रूट करायला, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवायला, सांगितलं जातं. नवख्याने रूटच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. पैशांचे व्यवहार मूळ सिस्टीमवरच्या फोनवर ठेवा.

बूटलोडर उघडल्यावर बऱ्याच फोनवर वाइडवाइन या व्हिडिओच्या कॉपी-संरक्षण यंत्रणेची पातळी एल1 वरून एल3 वर उतरते. मग नेटफ्लिक्स किंवा प्राइमवर एचडी चित्र मिळत नाही, यूट्यूबला फरक पडत नाही.

सुरक्षेचं पारडं दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. लिनेजमध्ये अँड्रॉइडचे सुरक्षा पॅच नियमित येतात, जे कंपनीने कधीच थांबवले होते. पण मॉडेमसारख्या भागांचं फर्मवेअर कंपनीचंच, जुन्या तारखेचं राहतं. लिनेज हे लपवत नाही. 'फोनविषयी'मध्ये अँड्रॉइडच्या पॅचची तारीख आणि व्हेंडरच्या पॅचची तारीख वेगवेगळी दाखवतं. शिवाय बूटलोडर उघडा असल्याने फोन कुणाच्या हाती लागला तर त्यावर दुसरी सिस्टीम टाकता येते. तुमचा डेटा एन्क्रिप्ट असतो, म्हणून स्क्रीन लॉक चार आकड्यांपेक्षा मोठा ठेवा.

हे ऐकून बूटलोडरला परत कुलूप लावावंसं वाटेल. लिनेज असताना वनप्लस 6 ला कुलूप लावू नका. बूटलोडर सही तपासेल, ती कंपनीची नसेल, आणि फोन सुरूच होणार नाही. कुलूप बंद ठेवूनच दुसरी सिस्टीम वापरायची असेल तर त्यासाठी पिक्सेल आणि त्यावरचं ग्राफीन ओएस हा योग्य मार्ग आहे.

अपडेट

अधिकृत फोनसाठी लिनेजची नवी बिल्ड साधारण दर आठवड्याला निघते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', त्यात 'अपडेटर'. तिथून डाउनलोड करा आणि इन्स्टॉल दाबा. डेटा जात नाही, गुगल अॅप्सही टिकतात. दर आठवड्याला करायची गरज नाही, महिन्यातून एकदा, नवा सुरक्षा पॅच आला की पुरे. आवृत्तीच बदलत असेल, म्हणजे 21 वरून 22 वर जायचं असेल, तर अपडेटर वापरू नका. विकीवरचं तुमच्या फोनचं अपग्रेडचं पान उघडा, आधी बॅकअप घ्या, मग नवी लिनेज साइडलोड करा आणि फोन सुरू करण्याआधीच नव्या अँड्रॉइडशी जुळणारी गुगल अॅप्स त्यावर टाका.